बाळाचा इसब आणि पालेभाजी : एका सल्ल्याचा इतिहास

तान्ह्या बाळाच्या गालावर इसब उठला की पहिला संशय अन्नावर जातो आणि एकेक पदार्थ बंद होऊ लागतो. माझ्या मुलीच्या वेळी पालक सर्वांत आधी बंद झाला. का, ते घरात कोणालाच सांगता येईना. मी अभियांत्रिकी शिकवते, वैद्यक नव्हे. पण या समजुतीचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत एमेट होल्ट या बालरोगतज्ज्ञाचा शब्द प्रमाण मानला जाई. मूल सुमारे तीन वर्षांचे होईपर्यंत हिरव्या भाज्या नकोत, असा त्यांचा सल्ला होता. त्यामागे भीती होती ती जुलाबांची. 'ॲलर्जी' हा शब्दच मुळी १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी रूढ केला. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस यांनी एका मुलाची त्वचा ओरखडून अन्नाची चाचणी घेतली. दोषी ठरले अंडे, बदाम आणि ओट. जीवनसत्त्वांचे ज्ञान वाढल्यावर भाज्या बाळाच्या वाटीत आल्या. १९२८ साली गर्बर कंपनीने आणलेल्या डबाबंद बाळ-आहारात गाळलेला पालकही होता.

पालकाबद्दलची खरी सावधगिरी वेगळ्याच दिशेने आली. १९४५ मध्ये हंटर कॉमली यांनी आयोवातील विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटमुळे तान्ही बाळे निळी पडत असल्याचे दाखवले. पालकातही नायट्रेट भरपूर असते. म्हणून अगदी लहान बाळाला तो देत नाहीत, आणि शिजवून ठेवलेला शिळा पालक तर नाहीच. इसबाशी याचा काही संबंध नाही.

२००० साली अमेरिकी बालरोग अकादमीने ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना दूध एक, अंडे दोन आणि शेंगदाणे, सुका मेवा व मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नयेत असे सांगितले. त्या यादीत पालेभाजी नव्हतीच. २००८ मध्ये अकादमीनेच पुराव्याअभावी हा सल्ला मागे घेतला. पुढे ब्रिटनमध्ये गिडियन लॅक यांच्या गटाने तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळे निवडली. वय ४ ते ११ महिने. आधी त्वचेची चाचणी झाली. ज्यांची प्रतिक्रिया तीव्र होती त्यांना वगळले. अर्ध्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, अर्ध्यांना वर्ज्य केले. २०१५ मध्ये निष्कर्ष आला : पाचव्या वर्षी वर्ज्य केलेल्या गटात शेंगदाण्याची ॲलर्जी १७.२ टक्के, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. जे टाळले, त्याचीच ॲलर्जी वाढली! लॅक यांचे म्हणणे असे की इसबाने फाटलेल्या त्वचेतून अन्नाचे कण शिरले तर शरीर त्यांना शत्रू मानते. पोटातून गेले तर ओळख पटते. (हा प्रयोग घरी करायचा नसतो, हे वेगळे सांगायला नको.)

पालक खाल्ल्यावर ओठांभोवती लाली येते ती बहुधा रस लागून होणारी जळजळ असते. अंगभर गांधी, उलटी किंवा धाप असेल तर मात्र डॉक्टरच गाठावा. आमच्याकडे लालीच होती. नवव्या महिन्यात, डॉक्टरांना विचारून, ताजा पालक वरणात घोटून तिला पुन्हा दिला. इसब होता तेवढाच राहिला. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःच पालक निवडायला घेतला.