तळटीप : आजोबांचा विलायती चाकू

१. ‘आजोबांचा घडीचा विलायती चाकू’ : मजकुराच्या ओघात हा चाकू संत्री सोलायचा वाटतो. संत्र्याला मुळात चाकू लागतच नाही, वऱ्हाडात तर नाहीच. घरच्यांनी जपलेली वस्तू हाती घेतली की उलगडा होतो : मुठीच्या टोकाला हाडाची चपटी, बोथट जीभ आहे. कलम करताना जंभेरीच्या खुंटावर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घ्यायचा, या जिभेने साल अलगद उचलायची आणि आत संत्र्याचा डोळा सरकवायचा. शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिका याच कामावर चालतात. तेव्हा हे डोळे भरायचं हत्यार.

पात्याच्या बुडाशी चांदणी आणि माल्टीज क्रॉस आहे. ही इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स यांची खूण. मात्र नुसत्या छापावर विसंबण्यात अर्थ नाही. जर्मनीतल्या झोलिंगेनचा माल शेफील्डच्या नावाने इतका खपू लागला होता, की ब्रिटनने १८८७ साली त्याविरुद्ध कायदा केला. इथे पात्यावर मुकुटही आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ आहेत, म्हणजे व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द (१८३७–१९०१). पातं साध्या पोलादाचं, झाडाच्या चिकाने काळवंडलेलं. न गंजणारं पोलाद शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली तयार केलं. त्यामुळे ‘दुसऱ्या महायुद्धानंतर नवा घेतला’ हे मूळ विधान जुळत नाही. घेतला असेल, पण जुना.