सिगालोवादसुत्त

पाली त्रिपिटकाच्या दीघनिकायातील पाथिकवग्गात आलेले एकतिसावे सुत्त. भिक्षुसंघाच्या आचाराचे नियमन जसे विनयपिटकाने होते, तसे गृहस्थाच्या आचाराचे नियमन या सुत्ताने होते, आणि गृहस्थाने करावयाचे कोणतेही कर्तव्य यात सांगावयाचे राहिलेले नाही, असा अभिप्राय देऊन इसवी सनाच्या ५ व्या शतकातील भाष्यकार बुद्धघोष याने यास ‘गिहिविनय’ असे नाव दिले.

राजगृहानजीकच्या वेळुवनात भगवान बुद्धांचा मुक्काम असता, एके दिवशी सकाळी भिक्षेसाठी नगराकडे जाताना, सिगाल नावाचा एक गृहपतिपुत्र ओलेत्याने, केसांतून पाणी निथळत असता, पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, अधर आणि ऊर्ध्व अशा सहाही दिशांना हात जोडीत असलेला त्यांना दिसला. पृच्छा करता, वडिलांनी मरतेसमयी ही आज्ञा केली होती, एवढेच कारण त्याला सांगता आले. अट्ठकथेनुसार (पाली भाष्यानुसार) हा पिता बुद्धांचा निष्ठावंत उपासक होता. परंतु आपल्या हयातीत मुलगा विहाराकडे फिरकत नाही असे पाहून, निदान दिशावंदनाच्या निमित्ताने तरी तो बुद्धांच्या दृष्टीस पडावा, अशी तजवीज त्याने करून ठेवली होती. बुद्धांनी त्या आज्ञेचा अधिक्षेप केला नाही. दिशांना वंदन अवश्य करावे, मात्र आर्यांच्या विनयात ते निराळ्या रीतीने होते, असे सांगून त्यांनी उपदेशास आरंभ केला.

वंदनास उभे राहण्यापूर्वी गृहस्थाने निर्मळ व्हावे, असा उपदेशाचा क्रम आहे. हिंसा, चोरी, व्यभिचार व असत्य ही चार क्लिष्ट कर्मे टाकावी. आवड, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी जाऊन अन्याय करू नये. आणि मद्यपान, अवेळी रस्त्यांवर भटकणे, खेळतमाशांचा नाद, जुगार, कुसंगती व आळस या संपत्तिनाशाच्या सहा वाटांपासून दूर राहावे. प्रत्येक वाटेचे सहा दुष्परिणाम सुत्तात दिले असून त्यांतील लोकव्यवहाराचे ज्ञान विलक्षण सूक्ष्म आहे. जुगारी जिंकला तर वैर जोडतो, हरला तर गेलेल्या धनासाठी झुरतो. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही, आणि त्याला कोणी मुलगी देत नाही. आळशी मनुष्य थंडी फार आहे, ऊन फार आहे, फार लवकर आहे, फार उशीर झाला, भूक लागली आहे, पोट फार भरले आहे, अशा सबबी सांगून काम टाळतो. खोट्या मित्राचे एक लक्षण असे की, मागे काय केले असते आणि पुढे काय करीन हे तो भरभरून बोलतो, पण आज गरज पडताच स्वतःची अडचण पुढे करतो. मधमाशीप्रमाणे कणाकणाने जमविलेल्या द्रव्याचे चार भाग करून एक उपभोगास, दोन उद्योगधंद्यात आणि चौथा आपत्काळासाठी राखून ठेवावा, असा जमाखर्चही येथे आखून दिलेला आहे.

त्यानंतर दिशांचे विवरण येते. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण आचार्य, पश्चिम पत्नी व मुले, उत्तर मित्र, अधर दिशा दास व कामकरी, आणि ऊर्ध्व दिशा श्रमणब्राह्मण. प्रत्येक ठिकाणी कर्तव्ये दुहेरी आहेत. आणि ज्याला उपदेश चालला आहे त्या गृहस्थाची कर्तव्ये सर्वत्र प्रथम येतात, समोरच्याची त्यानंतर, हा क्रम आमच्या मते या सुत्ताचे खरे मर्म होय. पतीने पत्नीचा सन्मान करावा, अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरचा अधिकार तिच्या हाती द्यावा व तिला अलंकार द्यावे. धन्याने नोकराला त्याच्या कुवतीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची शुश्रूषा करावी, गोडधोड पदार्थांत त्याला वाटेकरी करावे आणि वेळच्या वेळी रजा द्यावी. दास्यसंस्था येथे नाहीशी केलेली नाही, हे मान्य करावेच लागेल. परंतु दास ही वंदनीय दिशा ठरवून धन्याला तिचा प्रथम ऋणको करणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

चार आर्यसत्ये किंवा निर्वाण यांचे विवेचन या सुत्तात नाही. म्हणून हा केवळ लौकिक नीतिपाठ होय आणि मुक्तीचा मार्ग काय तो भिक्षूंसाठी, असे समजणे आम्हांस ग्राह्य वाटत नाही. सम्यक् वाचा, सम्यक् कर्मान्त व सम्यक् आजीव ही अष्टांगिक मार्गाचीच अंगे असून, शीलाच्या पायावरच समाधी व प्रज्ञा उभ्या राहतात. शिवाय स्रोतापन्न होताना, म्हणजे मुक्तिमार्गाच्या पहिल्या पायरीवर पोचताना, जी तीन संयोजने (बंधने) तुटतात, त्यांतील एक सीलब्बतपरामास, म्हणजे व्रतवैकल्यांनीच शुद्धी होते असा आग्रह, हे आहे. आणि सिगालाच्या हातून नेमका तोच आग्रह अलगद सोडविलेला आपणांस दिसतो. गृहस्थाश्रमात राहूनही श्रावस्तीचा अनाथपिंडिक स्रोतापन्न झाला व चित्त नावाचा गृहपती अनागामी, म्हणजे या लोकी पुन्हा न परतणाऱ्याच्या, पदास पोचला, असे त्रिपिटकच सांगते. सिगालाविषयी मात्र तो त्रिशरण घेऊन उपासक झाला, एवढेच सुत्ताच्या अखेरीस म्हटले आहे.

या सुत्ताचे चिनी भाषेत चार अनुवाद उपलब्ध आहेत. अशोकाच्या नवव्या शिलालेखातही याच धर्तीवर लग्नकार्य, आजारपण, प्रवास अशा प्रसंगी लोक करीत असलेल्या मंगलविधींना अल्पफलदायी ठरवून, दास व नोकर यांच्याशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर आणि श्रमणब्राह्मणांना दान हेच खरे मंगल म्हटले आहे. या लेखाचा त्रुटित अंश कोकणात सोपाऱ्याच्या परिसरात सापडला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात उपासकांच्या विनयाची मांडणी करताना या उपदेशाचा आधार घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी अनुयायांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये हिंसा, चोरी, व्यभिचार व असत्य यांच्याबरोबर मद्यपानाचाही त्याग आहे.