बायकोचा परवाना आणि नवऱ्याची मिळकत

लग्न ठरविताना मुलाची मिळकत विचारायची, ही आपल्याकडची जुनी रीत. मुलीचा बाप विचारतो, मामा विचारतो, आणि कोणी विचारलेच नाही तर मध्यस्थ आपण होऊन सांगतो, बहुधा थोडी फुगवूनच. पण अक्षता पडून गेल्यावर, वरात निघून गेल्यावर, एखाद्या सरकारने मध्ये उभे राहून "तुझी मिळकत अमुक इतकी नसेल, तर बायकोला घरात आणता येणार नाही" असे नवऱ्याला बजवावे, हे आमच्या वडीलमंडळींच्या स्वप्नातही आले नसेल. मलाही ते ठाऊक नव्हते. २०२४ च्या वैशाखात आमच्या गावातल्या एक वहिनी कागदांची पिशवी घेऊन माझ्या ओटीवर येऊन बसल्या, तेव्हा ते प्रथम कळले.

त्यांची मुलगी माझी विद्यार्थिनी. पुढे परिचारिका झाली, जिल्ह्याच्या गावी चांगली नोकरीला लागली. २०२३ च्या डिसेंबरात तिचे लग्न झाले. जावई इंग्लंडात वाढलेला, तिथलाच नागरिक, लेस्टर शहरात एका गोदामात हिशेबनीस. पगार वर्षाला २४,००० पौंड. लग्न झाल्यावर तो परत गेला आणि मुलगी मागे राहिली. वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, हे कागद जरा बघता का? आंब्याची बाग विकावी लागेल असं ह्यांचं म्हणणं आहे. मला तर काही उमगत नाही."

वाचकहो, कायद्याचे माझे ज्ञान बेताचे. पण त्रैराशिक येते, आणि इतिहासाची आवड आहे. कागद वाचता वाचता मी मागे मागे जात राहिलो, आणि असे दिसले की नवऱ्याची थैली आणि बायकोची वाट यांची ही गाठ काही आजची नव्हे. तिला शंभरावर वर्षे झाली आहेत, आणि तिच्या पहिल्या अध्यायात आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा एक सुपुत्र उभा आहे.

नाताळच्या उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर कराराने नेले जात. करार संपल्यावर जो मायदेशी परतणार नाही, त्याच्यावर १८९५ च्या कायद्याने वर्षाला ३ पौंडांचा कर बसला. पुढे तो केवळ पुरुषावर राहिला नाही. बायको, सोळा वर्षांवरचा मुलगा, तेरा वर्षांवरची मुलगी, प्रत्येकाचे ३ पौंड. आता हिशेब मांडा. मजुराची मिळकत महिन्याला फार तर १४ शिलिंग, म्हणजे वर्षाचे १६८ शिलिंग. नवरा, बायको आणि दोन मोठी मुले मिळून कर १२ पौंड, म्हणजे २४० शिलिंग. वर्षभराच्या कमाईपेक्षा कर अधिक! माझ्या चौथीच्या वर्गाला हे गणित घातले, तर मुले म्हणतील, "गुरुजी, गणित चुकलंय." गणित चुकले नव्हते. माणसांनी तिथे बिऱ्हाड करून राहू नये, हाच त्याचा हेतू होता.

नामदार गोखले मूळचे शिक्षक. प्रकृती ढासळलेली असतानाही १९१२ च्या ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तेथील मंत्र्यांना भेटले. हा कर जाणार, अशी समजूत घेऊन ते परतले. कर मात्र गेला नाही. उलट १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांतातील न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निकाल दिला की, ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्यास मुभा आहे, त्या धर्माच्या विधीने झालेले लग्न तेथील कायद्याला मान्य नाही. हिंदूंची, मुसलमानांची आणि पारशांची लग्ने एका फटक्यात कायद्याच्या लेखी लग्नेच राहिली नाहीत. मग बायकोला आणायचे ते कोणत्या नात्याने?

हा घाव घरात बसला, म्हणून घरातली माणसे बाहेर पडली. १९१३ च्या सप्टेंबरात कस्तुरबा सत्याग्रहींच्या पहिल्या तुकडीत निघाल्या आणि त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. वल्लिअम्मा नावाची सोळा वर्षांची तामीळ मुलगी तुरुंगातून ताप घेऊन बाहेर आली आणि १९१४ च्या फेब्रुवारीत वारली. इकडे गोखले अंथरुणाला खिळायच्या बेतात असताना गावोगाव फिरून लढ्यासाठी पैसा गोळा करीत होते. १९१४ सालच्या कायद्याने ३ पौंडांचा कर रद्द झाला आणि आपल्या लग्नांना मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, गोखले पुण्यास निवर्तले.

त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कॅनडात वेगळी तऱ्हा चालली होती. १९०८ साली तेथील सरकारने फर्मान काढले की, हिंदी माणसाने बंदरात उतरताना खिशात २०० डॉलर दाखविले पाहिजेत, आणि मायदेशाहून मध्ये कोठेही बोट न बदलता थेट आले पाहिजे. थेट बोट तर चालतच नव्हती! तिथे आधीच कष्ट करून स्थायिक झालेल्या शीख गृहस्थांना आपल्या बायका आणता येईनात. १९१२ साली भागसिंग आणि बलवंतसिंग या दोघांनी आपापली कुटुंबे व्हँकुव्हरला नेली, तेव्हा ती अडविण्यात आली. पुष्कळ गाजावाजा झाल्यावर त्यांना राहू दिले, ते हक्क म्हणून नव्हे, तर मेहेरबानी म्हणून. १९१८ च्या साम्राज्य परिषदेत ठराव झाला की, स्थायिक हिंदी माणसाला एक बायको आणि तिची अज्ञान मुले आणता यावीत. एवढा साधा ठराव व्हायला एक महायुद्ध लागले, आणि त्या युद्धात हजारो हिंदी शिपाई कामास आले.

आता खुद्द इंग्लंडकडे येऊ. गंमत अशी की, तेथे बायकांच्या बाबतीत पुष्कळ काळ हात सैल होता. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील माणसांच्या येण्यावर प्रथम बंधने आली, तरी तेथे राहणाऱ्याची बायको आणि लहान मुले यांना वाट मोकळी होती. १ जानेवारी १९७३ पूर्वी स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलातील पुरुषांना १९७१ च्या कायद्याने तशी हमीच दिली होती. कागदावरची वाट मोकळी असली, तरी दारावरची माणसे नेहमीच तशी नव्हती. १९७९ च्या आरंभी लग्नासाठी लंडनच्या विमानतळावर उतरलेल्या एका हिंदी शिक्षिकेची जी अपमानकारक शारीरिक तपासणी झाली, तिचा तपशील सणाच्या अंकात लिहवत नाही. वर्तमानपत्राने ती बाहेर काढली, आपल्या सरकारने निषेध केला आणि तो प्रकार बंद झाला.

सैल हात आवळला कसा, तेही ऐकण्याजोगे आहे. पुरुषांना बायका आणता येत, पण तेथे राहणाऱ्या स्त्रियांना नवरे आणायला फार जाच पडे. तीन स्त्रिया त्याविरुद्ध थेट स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या, आणि २८ मे १९८५ रोजी जिंकल्या. स्त्री-पुरुषांत असा भेद करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. यावर सरकारने काय करावे? नवऱ्यांचा जाच कमी करावा, असे तुम्हाआम्हाला वाटेल. सरकारने बायकांनाही तोच जाच लावला! समता झाली खरी. पुढे १९८८ च्या कायद्याने ती जुनी हमीही काढून घेतली आणि "सरकारी मदतीवाचून बायकोला पोसू शकशील काय?" हा प्रश्न सर्वांनाच आला.

तरीही तोवर ठराविक आकडा नव्हता. अधिकाऱ्याने पाहायचे की घर आहे, पोटापुरते आहे. तेथील गरिबांना सरकार जेवढा निर्वाहभत्ता देते, त्याहून कमी नसले म्हणजे झाले, अशी मोजपट्टी पुढे न्यायाधिकरणाने घालून दिली. आकडा आला तो ९ जुलै २०१२ रोजी. वर्षाला १८,६०० पौंड. एक परदेशी मूल असेल तर २२,४००. पुढच्या प्रत्येक मुलामागे आणखी २,४००. सरकारने नेमलेल्या सल्लागार समितीनेच सांगून ठेवले होते की, हा आकडा धरला तर बायको वा नवरा आणू पाहणाऱ्यांतले शेकडा ४५ जण त्यात बसणार नाहीत.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. येणाऱ्या माणसाचा भार करदात्यांवर पडू नये, आणि आलेल्या कुटुंबाला ताठ मानेने राहता यावे, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच गैर नाही. पण लंडनचे भाडे आणि वेल्समधल्या खेड्याचे भाडे यांत जमीनअस्मानाचे अंतर असता आकडा मात्र एकच. शिवाय येणारी बायको स्वतः कमावती असली, तरी तिची इकडची कमाई धरायची नाही. हे प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी निकाल लागला. आकडा ठेवण्याचे तत्त्व बेकायदा नाही, परंतु मुलांच्या हिताचा विचार आणि मिळकतीच्या इतर साधनांचा विचार नियमांत नीट झालेला नाही, असे न्यायमूर्तींनी म्हटले. नियमांत थोडी दुरुस्ती झाली. आकडा राहिला.

आणि मग ४ डिसेंबर २०२३ रोजी घोषणा झाली की, आकडा ३८,७०० करणार. ओरड झाली, तेव्हा टप्प्याटप्प्याने जाऊ म्हणाले, आणि ११ एप्रिल २०२४ पासून तो २९,००० झाला. त्याच वर्षी जुलैत सरकार बदलले आणि पुढची वाढ थांबली.

आमच्या वहिनींच्या घरावर आले ते येथेच. जावयाने त्या नोव्हेंबरातच नवी नोकरी धरली होती, आणि त्याआधी काही महिने तो बेकार होता. एकाच नोकरीतल्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या दाखवायच्या, तर त्या पुऱ्या होणार मे महिन्यात. एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत त्याचे २४,००० पुरून उरत होते. अकरा तारखेला तेच ५,००० ने कमी पडले. माणूस तोच, पगार तोच, बायको तीच.

कमी पडणारी रक्कम शिलकीने भरून काढता येते, पण तिचे त्रैराशिक निराळे आहे. पहिले १६,००० पौंड हिशेबात धरायचेच नाहीत. त्यावर, कमी पडणाऱ्या ५,००० ची अडीचपट, म्हणजे १२,५००. एकूण २८,५०० पौंड सहा महिने खात्यात पडून राहिले पाहिजेत. आपले सुमारे ३० लाख रुपये. बाग विकायची ती यासाठी.

मी हा हिशेब ओटीवर मांडून दाखविला, तेव्हा मुलगीही आली होती. ती आईला म्हणाली, "आजोबांनी लावलेली कलमं विकून मी विमानात बसायचं का? मला नाही जमायचं ते. त्यांना म्हणावं दुसरं काम बघा, मी थांबते." वहिनी गप्प बसल्या. मग पदराने डोळे टिपून म्हणाल्या, "थांबते म्हणजे किती गं?" त्याचे उत्तर माझ्या कागदावर नव्हते.

जावयाने जूनपासून शनिवार-रविवारी एका उपाहारगृहात काम धरले. दोन्ही कामे मिळून आकडा गाठला आणि सहा महिने तो राखला. जानेवारीत अर्ज गेला. त्याची फी १,८४६ पौंड आणि वर तेथील आरोग्यसेवेचे ३,१०५ पौंड, हे निराळेच. २०२५ च्या फाल्गुनात परवाना आला. लग्नापासून मोजले तर पंधरा महिने गेले. बाग शाबूत आहे. पंधरा महिने काही कोणी परत देणार नाही.

कस्तुरबांच्या आणि वल्लिअम्माच्या काळाशी या गोष्टीची बरोबरी मी करीत नाही. त्यांचे दुःख फार मोठे होते. पण आपले लग्न खरे की खोटे, आपले बिऱ्हाड थाटण्याजोगे की नाही, हे दुसऱ्या कोणी पैशांत मोजावे, यातली टोचणी तीच आहे. ज्यांनी ती पहिल्यांदा सोसली, त्यांना निदान आपण तुरुंगात कशासाठी जातो हे ठाऊक होते. आजच्या मुलामुलींच्या वाट्याला पगारपावत्या, खात्याचे उतारे आणि वाट पाहणे येते, आणि त्याचा इतिहास त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

निघण्यापूर्वी मुलगी पाया पडायला आली होती. मी तिला आशीर्वाद दिला आणि गोखल्यांचे एक छोटे चरित्र दिले. तिने ते आंबोळ्यांच्या डब्याशेजारी, पिशवीत नीट ठेवले. या दिवाळीत वहिनींच्या घरी एक पणती कमी लागेल. पण लेस्टरच्या एका खोलीत, इतक्या दिवसांनी, दोघे मिळून एक लावतील.