भाडेपावतीचा डबा

आजोबांच्या लालबागच्या खोलीत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात फक्त भाडेपावत्या. भाडं किरकोळ, पण पावती सापडली नाही तर आजोबा घर डोक्यावर घेत. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने मालकाला पावती देणं बंधनकारक केलं होतं, आणि रेशनकार्डापासून कोर्टापर्यंत भाडेकरूच्या हातात तोच पुरावा असे.

तो डबा मला आठवला सॅन होजेत, गाडीचं कर्ज नाकारलं गेलं तेव्हा. १४ महिने दर एक तारखेला २,४०० डॉलर भाडं भरूनही माझी क्रेडिट फाइल जवळजवळ कोरी. भारतातला सिबिल स्कोअर इथे कोण विचारतो!

मग वाचत सुटलो. १९५६ साली बिल फेअर हा इंजिनिअर आणि अर्ल आयझॅक हा गणिती, या दोघांनी कंपनी काढली. तिचा सर्वसाधारण फायको स्कोअर १९८९मध्ये आला. त्यातला सुमारे ३५ टक्के भाग हप्ते वेळेवर भरले का, यावर ठरतो. पण हप्ते कर्जाचे. बँका ब्युरोंना दरमहा माहिती पाठवत. घरमालक कशाला पाठवेल? थकलेलं भाडं वसुली एजन्सीकडे गेलं, की मात्र ते रिपोर्टवर दिसू शकायचं. म्हणजे चुकलात तर नोंद, भरलंत तर काहीच नाही.

२०१०मध्ये एक्सपीरियनने रेंटब्युरो विकत घेतली आणि वेळेवर भरलेल्या भाड्यालाही रिपोर्टची वाट मिळाली. २०१४च्या फायको ९ने ते मोजायला घेतलं. पण गृहकर्जवाले जुन्याच आवृत्त्या वापरत राहिले (लेगसी कोडला हात कोण लावणार, हे आम्हाला विचारा), त्यामुळे भाडं नोंदवूनही त्यांच्या आकड्यात फरक पडेना. शेवटी २०२१मध्ये फॅनी मे या गृहकर्ज क्षेत्रातल्या संस्थेने स्कोअरला वळसाच घातला: पहिलं घर घेणाऱ्याच्या बँक स्टेटमेंटमधलं १२ महिन्यांचं भाडं बघायचं, आणि एखादा हप्ता चुकला असला तरी तो विरोधात धरायचा नाही.

१ एप्रिल २०२५पासून कॅलिफोर्नियात मोठ्या इमारतींच्या मालकांना भाडेकरूपुढे अशा नोंदणीचा पर्याय ठेवावा लागतो. त्यासाठी महिन्याला जास्तीत जास्त १० डॉलर घेता येतात. १५ किंवा त्याहून कमी घरांच्या इमारतींना बहुतेक वेळा सूट.

आमच्या इमारतीत चारच घरं. तरी मालकीणबाईंना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, "नोंदणीचं मला काही कळत नाही. पावती हवी तर लिहून देते."

घेतली.