यूयूयू: बाद ठरवलेल्या तिकडीची कुळकथा

1957 साली फ्रान्सिस क्रिक, जॉन ग्रिफिथ आणि लेस्ली ऑर्गेल यांनी कागदावर एक हिशोब मांडला. आरएनएची अक्षरं चार. एका अमिनो आम्लासाठी तीन अक्षरांची एक तिकडी धरली तर तिकड्या होतात 64. प्रथिनांत अमिनो आम्लं मात्र वीसच. त्यांनी अट घातली की ओळ कुठूनही वाचायला घेतली तरी भलतीच तिकडी लागू नये. त्या अटीत यूयूयू, एएए अशा एकाच अक्षराच्या चार तिकड्या बाद झाल्या. उरलेल्या 60 चे फिरवाफिरवीचे तीन-तीनचे गट पाडून प्रत्येकातली एकच धरायची. उत्तर नेमकं वीस! इतका देखणा हिशोब चूक म्हणायला कोणाची जीभ रेटणार?

अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्शल निरेनबर्ग आणि हाइनरिश मातेई यांचं काम अगदीच रांगडं होतं. ई. कोलाय जिवाणू अल्युमिनाच्या पुडीबरोबर खलात घोटायचे आणि पेशी फोडून रस काढायचा. त्या रसात प्रथिनं जोडणारे रायबोसोम असतात, आणि अमिनो आम्लं वाहून आणणारे छोटे आरएनएही. या छोट्या आरएनएचा एक भाग तिकडी ओळखतो, दुसऱ्या टोकाला तिचं ठरलेलं आम्ल लटकलेलं असतं. रायबोसोम आरएनएच्या धाग्यावरचा निरोप वाचत सरकतो आणि आम्लांची माळ वाढत जाते. मुळातल्या डीएनएची वासलात लावली की रसाचे स्वतःचे निरोप संपतात. मग बाहेरून हवा तो निरोप द्यायचा.

त्यांनी दिला नुसता यूचा धागा. आम्लांचे गट करून, किरणोत्सारी आम्लं आलटून-पालटून घालत मातेई चाळणी लावत होते. 27 मे 1961 च्या पहाटे एकटं फेनिलअॅलनिन उरलं. बाद ठरवलेली यूयूयू हीच उलगडलेली पहिली तिकडी ठरली.

यात नशिबाचाही वाटा होता, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. नुसत्या एच्या धाग्यातून लायसिनची माळ तयार होत होती, पण प्रथिनं साक्यात बसवण्यासाठी वापरलेल्या अॅसिडमध्ये ती विरघळून जायची आणि हाती काहीच लागायचं नाही. फेनिलअॅलनिनची माळ मात्र इतकी हट्टी की साध्या द्रावकांत विरघळेना.

ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या परिषदेत निरेनबर्गसमोर मूठभर श्रोते होते. क्रिकनंच मग मोठ्या सभेत त्याला पुन्हा बोलायला लावलं.

पुढची पाच वर्षं कोणती तिकडी कोणत्या आम्लाची, हा तक्ता भरण्यात गेली. हरगोविंद खोरानांनी विस्कॉन्सिनमध्ये ठरावीक क्रमाचे धागे रासायनिक पद्धतीनं घडवले, निरेनबर्गच्या चमूनं सुट्या तिकड्या वापरल्या. 61 तिकड्या आम्लांच्या निघाल्या, तीन थांबण्याच्या. ल्युसिनला सहा, मेथिओनिनला एकच: एयूजी. प्रथिनाची सुरुवातही सहसा याच तिकडीनं होते.

मग नुसत्या यूच्या धाग्यात ती नसताना वाचन सुरू झालंच कसं? त्या नळ्यांत मॅग्नेशियम गरजेपेक्षा जास्त पडलं होतं. तेवढं असलं की रायबोसोम कुठूनही वाचायला लागतो. प्रमाण बेताचं असतं, तर मातेईंना त्या पहाटे बहुधा काहीच दिसलं नसतं.