उंबरठ्यावरचे चित्र

पुस्तकाचे वाचन पहिल्या पानाच्या आधीच सुरू होते. मुखपृष्ठ, शीर्षक, अर्पणपत्रिका, मलपृष्ठावरची पाठराखण यांनी वाचकाची मनोभूमी तयार केलेली असते. जेरार जेनेत या फ्रेंच समीक्षकाने १९८७ साली या सर्वांचा एकत्र विचार करणारे पुस्तक लिहिले आणि त्याला 'उंबरठे' अशा अर्थाचे शीर्षक दिले. उंबरठ्यावर उभा असलेला माणूस अजून आत आलेला नसतो, पण पुरता बाहेरचाही उरलेला नसतो. व्हिडिओ गेमलाही असा उंबरठा आहे: खोक्यावरचे किंवा दुकानाच्या पडद्यावरचे चित्र आणि त्यासोबतचा चार ओळींचा परिचय. त्याचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी वाचावा असा आहे, असे आम्हांला वाटते. कारण दारावर दिलेले वचन आणि आतले घर यांत किती अंतर असावे, हा प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे.

१९७७ साली अटारी कंपनीने घरच्या टीव्हीला जोडायचे यंत्र बाजारात आणले, तेव्हा हे अंतर अफाट होते. पडद्यावर दिसत ते काही चौकोन आणि काही रेषा. खोक्यावर मात्र क्लिफ स्पोनसारख्या चित्रकारांनी रंगवलेले रणगाडे, विमाने, घामाने निथळणारे खेळाडू एकमेकांत मिसळून गेलेले असत. शब्दांचा वाटा तुटपुंजा होता. 'कॉम्बॅट' या खेळाच्या खोक्यावर त्यात २७ खेळ आहेत असे सांगितलेले होते. वर्णनाची जागा मोजणीने घेतली होती. या चित्रांना फसवणूक म्हणणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. १९८०च्या 'ॲडव्हेंचर'मध्ये नायक म्हणजे एक चौकोनी ठिपका आणि ड्रॅगन बदकासारखे दिसणारे. सुझन जेकेल यांचे खोक्यावरचे चित्र पाहिलेले मूल त्या बदकात ड्रॅगन पाहू शके. नेपथ्यहीन रंगमंचावर नटाने 'हे अरण्य आहे' म्हणताच प्रेक्षकाला झाडे दिसू लागतात, त्याच जातीचे हे कार्य होते. चित्र खेळाचे वर्णन करत नव्हते. खेळ कसा वाचायचा ते शिकवत होते.

मात्र या झगमगाटात कर्त्याचे नाव कुठेच नव्हते. अटारी आपल्या निर्मात्यांना श्रेय देत नसे. म्हणून 'ॲडव्हेंचर'च्या वॉरन रॉबिनेट यांनी आपले नाव खेळातल्याच एका गुप्त खोलीत लपवून ठेवले. १९७९ साली अटारीतून बाहेर पडलेल्या काही निर्मात्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी उभी केली. तिच्या खेळांबरोबर कर्त्याचे नाव येऊ लागले, पुस्तिकेत त्याचे छायाचित्र आणि खेळाविषयीच्या त्याच्या सूचना छापल्या जाऊ लागल्या आणि खोक्यावरचे चित्र पडद्यावरच्या दृश्याच्या पुष्कळ जवळ आले. श्रेय आणि प्रामाणिकपणा या दोन गोष्टी येथे एकदमच याव्यात, हा आम्हांला केवळ योगायोग वाटत नाही. वचनाखाली सही करावी लागली की माणूस ते जपून देतो.

वचन मोडल्याचेही उदाहरण याच काळातले आहे. १९८२ साली अटारीने 'ई. टी.' या गाजलेल्या चित्रपटावर घाईघाईने एक खेळ काढला. खोक्यावर चित्रपटाची सारी पुण्याई होती, आत मात्र खड्ड्यांत पडत राहणारा एक वैतागवाणा खेळ. न विकलेल्या मालाचा काही भाग १९८३ साली न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे कचऱ्यात पुरण्यात आला. २०१४ साली तो उकरून पाहण्यात आला. त्या सुमारास अमेरिकेतला हा धंदा कोसळला, त्याची कारणे अनेक होती. पण ग्राहकाचा खोक्यावरचा विश्वास उडणे हे त्यांतले एक मानावे लागेल. १९८५ साली निन्टेन्डोने अमेरिकेत पाऊल ठेवले तेव्हा सुरुवातीच्या काळ्या खोक्यांवर पडद्यावरचीच ठोकळेबाज चित्रे मोठी करून छापली होती. आत जे आहे तेच दारावर, असे ते विधान होते.

स्वतंत्र निर्मात्यांची, ज्यांना आज 'इंडी' म्हणतात त्यांची, वाट पहिल्यापासून वेगळी होती. रिचर्ड गॅरियट यांनी आपला 'अकालाबेथ' हा खेळ टेक्सासमधल्या एका संगणकाच्या दुकानात प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून विकायला ठेवला, तेव्हा त्याचे मुखपृष्ठ त्यांच्या आईने काढले होते. इन्फोकॉम या कंपनीचे खेळ तर निव्वळ शब्दांचे. १९८२च्या 'डेडलाइन' या रहस्यकथेतला सगळा मजकूर डिस्कवर मावेना, म्हणून जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल, छायाचित्र असा पोलिसी दप्तराचा ऐवज खोक्यात घालण्यात आला. वेष्टन येथे कथेची जाहिरात उरले नाही, ते कथेचे पहिले प्रकरण झाले. जागेच्या टंचाईतून एक वाङ्मयीन युक्ती जन्माला आली.

ही टंचाई पुढे निराळ्या रूपाने परतली. २००३ साली सुरू झालेले 'स्टीम' हे व्हॉल्व्ह कंपनीचे ऑनलाइन दुकान २००५पासून इतरांचे खेळ विकू लागले. २०१७ साली निवडीची जुनी पद्धत बंद झाली आणि १०० डॉलर भरून कोणालाही तेथे खेळ मांडता येऊ लागला. आता वर्षाला दहा हजारांहून अधिक नवे खेळ येतात. या गर्दीत निर्मात्याच्या वाट्याला आलेले सर्वांत लहान चित्र दीर्घकाळ २३१ बाय ८७ पिक्सेलचे, म्हणजे टपाल तिकिटाहून फारसे मोठे नव्हते, आणि थोडक्यातला परिचय सुमारे ३०० अक्षरांचा. साहजिकच त्या तिकिटावर परीक्षणांचे गुण, पुरस्कारांची नावे, सवलतीच्या घोषणा यांची दाटी झाली. अखेर १ सप्टेंबर २०२२पासून व्हॉल्व्हने नियम केला की तेथे फक्त खेळाचे चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक असावे. दारावरची तोरणे उतरवली गेली. उरले ते दार.

मग एवढ्याशा जागेत काय सांगावे? बहुतेक परिचय विशेषणांवर विसंबतात: अद्भुत विश्व, अविस्मरणीय प्रवास. हा दोष आपल्या पाठराखणींनाही अपरिचित नाही. याउलट लुकस पोप यांचा २०१३चा 'पेपर्स, प्लीज' पाहावा. उपशीर्षकातच त्याला 'कागदपत्रांची थरारकथा' म्हटले आहे. कागदपत्रे आणि थरार हे दोन शब्द शेजारी येताच कुतूहल चाळवते. दुकानातला परिचय तर सरकारी पत्राच्या सुरात सुरू होतो: श्रमिकांच्या सोडतीत तुमचे नाव निघाले आहे, सीमा-नाक्यावर कामावर हजर व्हावे. विशेषण जवळजवळ नाही. पण नोकरशाहीचा कोरडा आवाज, द्वितीय पुरुषातले संबोधन, नकार देण्याची सोय नसलेले अभिनंदन, सारे काही त्यात आले. खेळताना आपण जे होणार आहोत, ते आपल्याला दारातच करून टाकले जाते. 'डेडलाइन'च्या दप्तराचे हे थेट वारस म्हणावे लागेल.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा 'राजी' हा खेळ २०२० साली आला. त्याआधी २०१७ साली लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता. नावापुढे 'प्राचीन महाकाव्य' अशा अर्थाचे उपशीर्षक आहे. परिचयात देवांनी निवडलेली, हरवलेल्या धाकट्या भावाला सोडवायला निघालेली मुलगी आहे. परदेशी ग्राहकाला हे शब्द अनोळखी जगाचे निमंत्रण वाटतील. आपल्याला मात्र 'महाकाव्य' म्हणताच व्यास-वाल्मीकी आठवतात आणि आपण अधिक कडक हिशेब मागू लागतो. उंबरठा एकच, पण त्यावर येणारे पाहुणे दोन. दोघांनाही खोटे न बोलता आत घेणे, ही त्या दोन-चार ओळींची खरी परीक्षा.

म्हणून खोक्यावरचे चित्र पडद्यावरच्या दृश्यासारखे आहे की नाही, हा प्रश्न आम्हांला दुय्यम वाटतो. अटारीची चित्रे खेळासारखी मुळीच नव्हती, तरी 'ॲडव्हेंचर'च्या चित्राने खेळणाऱ्याला काही देऊ केले, 'ई. टी.'च्या चित्राने केवळ घेतले. आत गेल्यावर ज्याचा उपयोग होतो ते वचन, आत जाताच जे संपते ते आमिष. पाठराखण लिहिणाऱ्यानेही हा भेद ध्यानात ठेवावा.