शोष, सुकटी आणि जलसंजीवनी : कोरडेपणाच्या शब्दांची गोष्ट

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, की दवाखान्यात कोरडेपणाच्या तक्रारी वाढतात. कुणाच्या घशाला कोरड पडते, कुणाला शोष पडतो, तर एखादी आजी नातवाला पुढे करून म्हणते, "डॉक्टर, पोरगं पार सुकलं हो." इंग्रजीत या सगळ्याला 'ड्रायनेस' म्हणून मोकळं होता येतं. मराठीत तसं होत नाही आणि ते बरंच आहे. इथे शब्द बदलला की बहुधा आजारही बदललेला असतो.

यातला 'शोष' फार जुना. संस्कृत 'शुष्' म्हणजे सुकणे, त्यावरून शोष आणि शुष्क. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत शोष हे राजयक्ष्म्याचं नाव आहे. आपण ज्याला टीबी म्हणतो, त्याच्याशी बराच जुळणारा तो आजार. शरीरातले रसादी धातू आटवतो म्हणून शोष, असं सुश्रुत सांगतो. इंग्रजीतही टीबीला पूर्वी 'कन्झम्प्शन', म्हणजे माणसाला खाऊन टाकणारा आजार, म्हणत. पुढे मराठीत त्या आजाराला 'क्षय' हे नाव रूढ झालं आणि शोष घशापुरता उरला. 'रूक्ष'चंही असंच. आयुर्वेदात वाताच्या गुणांमध्ये वाग्भट हा शब्द पहिला घेतो. आज आपण तो त्वचेला, केसांना आणि काही माणसांच्या बोलण्याला लावतो.

'वाळणं' मात्र घरातलं, अंगणातलं. कपडे वाळतात, पापड-कुरडयांचं वाळवण होतं. पण माणूस वाळला (लेवा बोलीत ळचा य होतो, म्हणून 'वायला') की ते लक्षण झालं. तोंडाला सारखी कोरड, वारंवार लघवी आणि काही महिन्यांत माणूस वाळलेला, असं तिन्ही एकत्र दिसलं तर उन्हाला दोष देत बसू नका, रक्तातली साखर तपासा. दोन-तीन आठवडे खोकला आणि माणूस वाळत चाललेला असेल, तर थुंकीची तपासणी हवी. जुन्या वैद्यांचा शोष तो हाच.

आता मुलांकडे येऊ, कारण खरा घोटाळा तिथे होतो. 'सुकलं' आणि 'सुकटी' हे शब्द सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांत मोठा फरक आहे. जुलाब-उलट्यांनी मूल काही तासांत सुकतं, त्यात शरीरातलं पाणी आणि क्षार जातात. सुकटी म्हणजे महिनोन्‌महिने पोटाला कमी पडल्याने मांस आणि चरबी झडणं. डॉक्टर तिला 'मरॅस्मस' म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थही झिजणं, सुकून जाणं असाच आहे. सातपुड्याच्या पाड्यांना सुकटी नवी नाही. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा होईपर्यंत अक्कलकुवा-धडगावचा डोंगराळ भाग धुळे जिल्ह्यातच होता.

हा फरक नुसता शब्दांचा नाही. मूल किती सुकलं हे पाहायला आम्ही पोटाची कातडी चिमटीत धरून सोडतो. ती सावकाश खाली बसली, तर पाणी कमी झालं असं समजतो. सुकटीच्या मुलात पाणी पुरेसं असलं तरी कातडी सावकाशच बसते, कारण खाली चरबीच नसते. अशा मुलाला घाईने सलाईन चढवलं, तर त्याच्या अशक्त हृदयावर ताण येऊन जीव जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना केवळ "सुकलं" असं सांगू नका. "कालपासून सुकलं" की "दोन-तीन महिन्यांपासून सुकत चाललंय", तेही सांगा. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंच्या मदतीने पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावं.

सलाईनवर आपल्याकडे फार श्रद्धा आहे. बाटली लागली नाही तर उपचारच झाला नाही, असं अनेकांना वाटतं. त्यांच्यासाठी १९७१ सालची एक हकिगत. बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपांत भरलं आणि नातेवाइकांनाच ते रुग्णांना पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. आतड्यात साखर मिठाला आत ओढते आणि त्यामागून पाणी जातं, एवढंच त्यातलं शास्त्र. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. या पाण्याला मराठीत 'जलसंजीवनी' म्हणतात. आरोग्याच्या सरकारी शब्दांत इतका गोड शब्द क्वचितच सापडतो!

ओआरएसची पुडी असेल तर तीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात संपूर्ण कालवा. नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, लहान. पाणी पाजलं की जुलाब वाढतात, ही समजूत सोडा. अंगावरचं दूध चालू ठेवा, बाकी मुलांना जेवणही द्या. सोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पाणी पिईना किंवा सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर पाजत पाजतच दवाखाना गाठा.